शब्दचर्चा: बँजो, ब्रेक, चॉप, टेनर ('सेल्डम सीन'बद्दल मराठीत लिहिताना)

तंतुवेडा
वॉशिंग्टन परिसरातल्या 'सेल्डम सीन' या ब्लूग्रास (तंतुवाद्यांवर चालणारं अमेरिकी संगीत) बँडच्या वादकांची मराठीत ओळख करून द्यायची आहे. १९७१चा मूळ संच असा: जॉन डफी (मँडोलिन), जॉन स्टार्लिंग (गिटार व मुख्य गायन), माइक ऑल्ड्रिज (डोब्रो), बेन एल्ड्रिज (बँजो), टॉम ग्रे (बास). पुढची वाक्यं अडली आहेत: 'एल्ड्रिज बँजो वाजवत.' 'ऑल्ड्रिजनी सुंदर ब्रेक घेतला.' 'डफी टेनर गात आणि चॉप देत.' 'हे सगळे हौशी लोकसंगीतकार होते.' यातलं काय ठेवावं, काय बदलावं?

मेजराब
पहिल्याच वाक्यात वाचक चुकीच्या मिरवणुकीत शिरणार. मुंबई-कोकणात बँजो म्हणजे बुलबुल तरंग: टंकयंत्रासारख्या कळा दाबायच्या, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या, आवाज अँप्लिफायरमधून. त्याचं मूळ जपानी ताइशोगोतो, १९१२ साली नागोयात घडलेलं. अमेरिकी बँजोशी त्याचं नातं फक्त नावापुरतं. म्हणून पहिल्या उल्लेखात 'पाच तारांचा बँजो' लिहा आणि एका वाक्यात रूप सांगा: गोल कड्यावर ताणलेला पडदा (पूर्वी वासराचं कातडं, आता प्लास्टिक, व्यास साधारण ११ इंच), त्यावर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी), पुढे पडद्यांची लांब दांडी. आता 'पडदा' शब्द एकाच वाक्यात दोन अर्थांनी आला, तेव्हा गोलावरच्याला 'कातडं' म्हणा, प्लास्टिकचं असलं तरी.

सर्वांत महत्त्वाची पाचवी तार. ती आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या कडेला पाचव्या पडद्याजवळ. नेहमीच्या जी सुरावटीत (तारा जुळवायच्या पद्धतीत) तिसरी तार सा धरली, तर चौथी मंद्र प, दुसरी ग, पहिली प आणि ही पाचवी तारसप्तकातला सा. सतारीची चिकारी (बाजूची आखूड, सतत सा देणारी तार) माहीत असलेल्याला वेगळं समजवावं लागणार नाही.

आणि 'रोल' (बोटांच्या ठरलेल्या क्रमाने एकेक तार छेडत राहणं) हा शब्द आला तर तसाच ठेवा. अंगठ्याला प्लास्टिकची नखी, तर्जनी-मध्यमेला धातूची; आठ स्वरांचा गट बहुधा ३+३+२ असा पडतो. नवख्याच्या हातून अंगठा दर वेळी सारखाच जोरात बसतो आणि चाल भरीच्या स्वरांत बुडते. 'रोल'ला 'झाला' म्हणू नका, झाल्यात चिकारीवर ठरलेले ठोके असतात. इथे चालीचा स्वर कुठल्याही बोटावर येऊ शकतो.

खर्ज
'ब्रेक घेतला' वाचून कुणालाही वाटेल, ऑल्ड्रिज चहाला गेले. नाम बदलू नका, क्रियापद बदला: 'ब्रेक वाजवला'. अर्थ: गाण्याचं कडवं संपलं की एका वाद्याने तेवढ्याच लांबीत चाल आपल्या परीने वाजवायची, बाकीच्यांनी आवाज खाली घ्यायचा. आपल्या ऑर्केस्ट्रातला 'पीस' जवळचा वाटतो, पण पीस आधी बांधलेला असतो. ब्रेकमध्ये चाल ओळखू यायला हवी एवढंच बंधन.

घोडी
टेनरमध्ये खरी मेख आहे. ऑपेरात टेनर ही गळ्याची जात. ब्लूग्रासमध्ये ती जागा आहे: मुख्य चालीच्या वर, बहुधा तिच्यापासून तिसऱ्या स्वरावर चालणारा आवाज. मधला 'लीड', खालचा बॅरिटोन. एकच गायक एका गाण्यात लीड, दुसऱ्यात टेनर गातो. डफींचे वडील न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गायलेले, त्यामुळे तुमच्या टिपणात दोन्ही अर्थ एका परिच्छेदात येऊन आदळतील. डफींसाठी 'वरचा आवाज (टेनर)' लिहा. 'तारसप्तकात गात' हे चूक; प्रश्न सप्तकाचा नाही, मुख्य आवाजाशी असलेल्या अंतराचा आहे.

चॉप: पारंपरिक ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतात. चार मात्रांत बास १ आणि ३वर, मँडोलिनचा चॉप २ आणि ४वर. डाव्या हाताने चारही जोडतारा दाबायच्या, उजव्याने जोरात फटका मारायचा आणि लगेच डावी बोटं सैल करायची; उचलायची नाहीत, तारेला टेकलेली राहू द्यायची. एखादी जोडी मोकळी राहिली तर ती घुमत राहते आणि चॉपचा चुराडा. 'खटका' म्हणू नका, तो गायकीत आधीच अडकलेला शब्द. कंसात 'ठोका' चालेल.

मेजराब
'बास'लाही विशेषण लावा. ग्रेंचा उभा बास होता. १९८७मध्ये त्यांनी बँड सोडल्यावर टी. मायकेल कोलमन इलेक्ट्रिक बास घेऊन आले आणि बँडचा तळच बदलला. नुसतं 'बास' लिहिलंत तर हा फरक नाहीसा होतो.

खर्ज
चौथं वाक्य पूर्ण काढून टाका. ब्लूग्रास हे १९४०च्या दशकात रेडिओवरच्या व्यावसायिक बँडांनी घडवलं, मुख्यतः बिल मन्रोंच्या 'ब्लू ग्रास बॉइज'ने. १९४५च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज बँजो घेऊन आले आणि घाट पक्का झाला. त्याला लोकसंगीत म्हणणं म्हणजे नाट्यसंगीताला लोकसंगीत म्हणण्यासारखं. (नावाचं 'निळं गवत' तर कृपा करून नको. केंटकी राज्याचं ते टोपणनाव आहे.)

'हौशी'ही खोटं ठरतं. डफी 'कंट्री जंटलमेन'मध्ये १९५७ ते १९६९ पूर्णवेळ वाजवत होते, नंतर वाद्यं दुरुस्त करत. ग्रेही त्याच बँडमधले. पण स्टार्लिंग सैन्यातले शल्यविशारद, पुढे कान-नाक-घसातज्ज्ञ, एल्ड्रिज गणिती, ऑल्ड्रिज वर्तमानपत्रात उपयोजित चित्रकार, ग्रे 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये नकाशे करणारे. सरळ लिहा: 'नोकरी सांभाळून वाजवणारे'. आठवड्यातून एकदा ठरलेल्या ठिकाणी वाजवायचं, आधी वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डाच्या 'रेड फॉक्स इन'मध्ये, मग 'बर्चमियर'मध्ये, हा त्यांचा नेम. त्याला 'रतीब' म्हणायचा मोह होतो, पण त्यात कंटाळा ऐकू येतो. 'नेम'च बरा.

तंतुवेडा
आणि 'सांगीतिक पार्श्वभूमी'? दर परिच्छेदात तेच येतंय.

घोडी
जड आहे. 'तालीम'ही नको, गुरू लागतो. ही मंडळी तबकड्यांवरून शिकणाऱ्या पिढीतली: ३३⅓ फेऱ्यांची तबकडी १६वर लावायची, लय निम्मी, सूर एक सप्तक खाली, म्हणजे स्वरांची नावं तीच राहतात. 'हात कशावर बसला' असं विचारा आणि उत्तर द्या. ऑल्ड्रिजचे मामा किंवा काका (इंग्रजी शब्दावरून कळत नाही, 'नात्यातले' म्हणा) एल्सवर्थ कझन्स १९२८मध्ये कंट्री गायक जिमी रॉजर्सच्या ध्वनिमुद्रणांत स्टील गिटार वाजवत होते. हे 'घरातलं' झालं, 'घराणं' नव्हे. एल्ड्रिजचा मुलगा क्रिसही गिटारवादक, तिथेही तेच.

डोब्रोसाठी 'हवाईयन गिटारसारखं आडवं धरून, लोखंडी कांब सरकवत वाजवायचं. पोटात ॲल्युमिनियमचा शंकू' एवढं पुरे. दोप्येरा बंधूंच्या नावावरून आलेला ब्रँड आहे, भाषांतर करू नका. जी सुरावट सा-ग-प-सा-ग-प.

मेजराब
'मूळ संच' हा शब्द मात्र तुम्ही नेमका वापरलात, नाटकवाल्यांचा आहे आणि इथे चपखल बसतो. पुढेही तोच चालवा: १९७७मध्ये स्टार्लिंगच्या जागी फिल रोझेन्थाल, १९८६मध्ये लू रीड, डिसेंबर १९९६मध्ये डफी वारले आणि बँड नव्या संचात सुरू राहिला. २०१६मध्ये एल्ड्रिज निवृत्त झाल्यावर 'मूळ संचातला एकही वादक उरला नाही' असं बिनधास्त लिहा.