जर्मनीत मास्टर्स, ख्रिसमसची सुट्टी आणि खिशात खडखडाट. कुठे जाऊ?

सोलापुरी_चादर
मंडळी नमस्कार. ऑक्टोबरपासून सारब्रुकनला आहे, कॉम्प्युटर सायन्समध्ये मास्टर्स. ख्रिसमसला युनिव्हर्सिटी बंद, मेन्सा (युनिव्हर्सिटीचं कँटीन) बंद आणि हॉस्टेलचा मजला पण ओस पडणार कारण जर्मन पोरं सगळी घरी जातात. सोबतचे तिघं स्वित्झर्लंडला निघालेत, त्यांचं बजेट ऐकूनच मला घाम फुटला. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवावे लागतात ते खातं) महिन्याला 992 युरो सुटतात, त्यातून भाडं आणि इन्शुरन्स गेला की काय उरतं ते इथल्या जुन्या खोडांना माहितीच असेल. जॉब अजून नाही. आणि घरी फोन केला की आईचं एकच, अरे एवढा युरोपात गेलायस तर पॅरिस तरी बघ, शेजारच्यांची मुलगी किती देश फिरून आली!!

तर रेसिडन्स परमिटचं कार्ड अजून हातात आलेलं नाही, पासपोर्टवर फक्त येतानाचा व्हिसा आहे, त्यावर दुसऱ्या देशात जाता येतं का? आणि सेमिस्टर फीमध्ये जे डॉइचलँड तिकीट (देशभर चालणारा पास) मिळतं त्यावर कुठवर पोचता येईल? शाकाहारी आहे, अंडं चालतं.

आखेनकर
आधी कागदांचं बघ. तुझा तो डी टाइप नॅशनल व्हिसा (जास्त दिवस राहायचा) असणार, तो व्हॅलिड आहे तोवर बाकीच्या शेंगेन देशांत (युरोपातले एकमेकांतल्या सीमा खुल्या ठेवणारे देश) कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत राहता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. पण शेवटची तारीख आत्ताच पासपोर्ट उघडून बघ, कारण अपॉइंटमेंटच्या नादात ती उलटून जाते. तारीख जवळ आली असेल तर ती संपायच्या आत परमिटचा अर्ज गेलाच पाहिजे. मग मधल्या काळासाठी फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा कागद मिळतो (नाव पाठ करू नकोस, जीभ अडकते), त्यावर रेसिडन्सच्या कायद्यातल्या कलम 81 चा पोटकलम 4 वाला चौकोन टिक केलेला असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं, 3 वर टिक असेल तर जर्मनी सोडू नकोस.

आणि ओरिजिनल पासपोर्ट खिशात ठेव, मोबाइलमधला फोटो नको. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर चेकिंग सुरू केलंय, येताना ट्रेनमध्ये पोलीस चढतात.

मोझेलकाठची
अरे सारब्रुकनला राहून कुठे जाऊ काय विचारतोस, सीमेवर बसलायस तू! तुमच्या गावची ट्राम सारगेमिनपर्यंत जाते, म्हणजे ट्राममधून उतरलं की फ्रान्स.

डॉइचलँड तिकीट फक्त लोकल गाड्यांना चालतं, आरई, आरबी, एसबान, ट्राम, बस. आयसीई आयसीत (लांब पल्ल्याच्या फास्ट गाड्या) चढू नकोस, दंड बसेल. तर सकाळच्या आरईने ट्रियर गाठ, पोर्टा निग्रा बघ, रोमन लोकांचा दरवाजा, काळाकुट्ट आणि अवाढव्य. मार्क्सचा जन्म पण ट्रियरचाच, 1818 चा. मग तिथून पेर्लची गाडी पकड, पूर्ण रस्ता मोझेल नदीच्या कडेने जाते, दोन्हीकडे द्राक्षाचे मळे (डिसेंबरात नुसत्या काड्या दिसतील, नाशिकच्या बागा छाटणीनंतर दिसतात तशा). पेर्लला उतरून पूल चालत ओलांडला की समोर लक्झेंबर्गमधलं गाव आणि त्याचं नाव शेंगेन!! हो तेच. आपण सगळ्यांनी ज्या नावाच्या व्हिसासाठी फायली घेऊन चकरा मारल्या ते गाव एवढंसं आहे, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत चहा पण गार होणार नाही. 14 जून 1985 ला इथे नदीतल्या बोटीवर बेल्जियम, नेदरलँड, लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने आपापसातल्या सीमांवरची तपासणी काढायच्या करारावर सह्या केल्या, जागा अशी निवडली की तीन देशांच्या हद्दी तिथेच भिडतात. बर्लिनच्या भिंतीचे तुकडे पण उभे केलेत तिथे, आणि पुलावरून माणसं किराणा घेऊन ये-जा करत असतात. मला तर आयफेल टॉवरपेक्षा हे जास्त भारी वाटलं, ज्याची त्याची आवड.

पुढे लक्झेंबर्ग शहरात जायला बस आहे, मध्ये बदलावी लागेल पण पैसे शून्य, 2020 पासून त्या देशात बस ट्राम आणि ट्रेनचा सेकंड क्लास सगळ्यांना फुकट आहे, टुरिस्टला पण. शहराच्या मधोमध खोल दरी आहे आणि दरीतल्या फाफेनटाल भागात जी काचेची लिफ्ट खाली उतरते ती पण फुकट. परत येताना लक्झेंबर्गहून ट्रियरची लोकल, सीमेवरच्या वासरबिलिग स्टेशनपर्यंत फुकट आणि पुढे तुझं तिकीट. फक्त एक, साडेचारला अंधार पडतो, पहाटेच निघ.

टवाळ_पुणेकर
स्वित्झर्लंडवाल्यांना माझ्याकडून शुभेच्छा सांग. डिसेंबरात वर डोंगरावर जायचं तिकीट काढून धुकं बघून आलेले मित्र आहेत माझे. फोटोत मागे पांढरी भिंत.

कोल्हापूरची_मिसळ
आईचं पॅरिस सोडू नकोस रे, सारब्रुकनहून थेट फास्ट गाडी आहे, दोन तासांच्या आत. पण त्याचं भाडं विमानासारखं चढतं, ख्रिसमसला तर बघायलाच नको. फेब्रुवारी मार्चचं आत्ताच बुक कर, तेव्हा सेमिस्टर ब्रेक असतो. वय 26 च्या आत असेल तर लूव्र म्युझियम फुकट, युरोपात राहणाऱ्यांना, नागरिक असायची गरज नाही. पण राहत असल्याचा पुरावा मागतात म्हणून कार्ड हातात आल्यावरच जा, स्लॉट ऑनलाइन घे आणि मंगळवार टाळ, बंद असतं.

सोलापुरी_चादर
बापरे, शेंगेन खरंच गाव आहे हे माहितीच नव्हतं! व्हिसाची तारीख बघितली, 9 जानेवारी 😬 अर्ज उद्याच टाकतो. 23 ला ट्रियरवरून निघायचा विचार करतोय, सोबत थेपले घेईन. त्या भागात कोणी आहे का?

मोझेलकाठची
23 लाच जा, पुढे ढकलू नकोस. 24 ला दुपारनंतर दुकानं बंद, 25 आणि 26 दोन्ही सुट्ट्या, खोलीत दूध भाजी आधीच भरून ठेव. मी ट्रियरलाच आहे, मेसेज कर, पेर्लपर्यंत येईन. थेपले जास्त आण.