ताउलचं सांत क्लिमेंट: चित्रं बार्सिलोनात, मग चर्च बघायला डोंगरात जावं का?

प्रश्न
आई आणि मी बार्सिलोनाला चाललोय. तिथल्या राष्ट्रीय कला संग्रहालयात ताउलचा ख्रिस्त बघणारच आहोत. तो ज्या चर्चच्या भिंतीवर रंगवला होता ते सांत क्लिमेंट पिरेनीज डोंगरांतल्या ताउल या छोट्या गावात आहे. पण चित्रच खाली आणलंय, मग वर काय उरलंय?

प्रतिसाद १
पुष्कळ उरलंय. जा, फक्त एका दिवसात उरकू नका, ताउल ज्या दरीत आहे त्या बोईच्या दरीत मुक्काम करा.

मी आधी संग्रहालय पाहिलं. त्या मोठ्या डोळ्यांसमोर कितीतरी वेळ उभी होते, तरी चित्राला असा बाक का, हे नीट उमगलं नाही. वर गेल्यावर उमगलं. या चर्चला लाकडी छप्पर आहे: गोल खांबांच्या दोन रांगा आणि वर तुळया. दगडी अर्धघुमट आहेत ते फक्त पूर्वेच्या टोकाला, आणि मधला सर्वांत मोठा, वेदीच्या मागे. ख्रिस्त बसवायला जागा तीच.

एका खांबावर रंगाने लॅटिन लेख लिहिला होता. त्यानुसार बिशप रामोन यांनी १० डिसेंबर ११२३ रोजी या चर्चचा अभिषेकविधी केला. दुसऱ्याच दिवशी त्याच गावातल्या सांता मारिया चर्चचा! एवढ्याशा गावात दोन चर्चना पैसा कुठून आला? दरी एरिलच्या सरदारांची होती, आणि आरागोनच्या राजाबरोबर लढून मिळवलेली संपत्ती त्यांनी इथे लावली, असं अभ्यासक मानतात.

आणि तो मनोरा! चौकोनी, सहा मजली, छोट्या घडीव दगडांचा. मजल्यामजल्यावर आंधळ्या, म्हणजे भिंतीतच उठवलेल्या, आरपार नसलेल्या कमानींची झालर, ही लोम्बार्डीकडच्या गवंड्यांची रीत. मी गावात शिरताना तोच आधी दिसला.

प्रतिसाद २
चित्रं भिंतीवरून उपटून नेली, हे मला आजही पटत नाही. ती गावकऱ्यांची होती.

प्रतिसाद १
तुमची हळहळ मला कळते, रिकाम्या भिंतीसमोर मलाही वाईट वाटलं. पण १९२० च्या आसपास, चित्रं काढली तेव्हा काय चाललं होतं ते बघा. कातालोनियातल्याच मुर इथल्या चर्चमधली चित्रं विकली गेली आणि १९२१ मध्ये बोस्टनच्या संग्रहालयात पोचली. बाकीचीही तशीच गेली असती, म्हणून बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने उरलेली विकत घेतली. इटालियन कारागिरांनी चित्रावर सरसाने कापड चिकटवलं, वाळल्यावर कापडाबरोबर रंगाचा पातळ थर सोलून काढला, गुंडाळ्या केल्या आणि त्या खेचरांवरून दरीखाली नेल्या. माझ्या मते तेव्हा दुसरा मार्ग नव्हता.

शिवाय सगळं निघालं नाही. नंतर अर्धघुमटात लावलेली नक्कल अलीकडच्या दुरुस्तीत काढली, तेव्हा खाली मूळ रंग सापडले. त्यांत बायबलमधला, काईन आपल्या भावाला, हाबेलला मारतोय तो प्रसंगही आहे. २०१३ पासून तिथे प्रकाशाने पूर्ण चित्र पुन्हा भिंतीवर उमटवतात. आधी खडबडीत दगड, मग रेघा, मग निळा आणि तांबडा रंग, शेवटी हातातल्या पुस्तकावरची अक्षरं: ‘मी जगाचा प्रकाश आहे’.

प्रश्नकर्ती
ठरलं, दोन रात्री दरीत. संग्रहालयात ख्रिस्ताखेरीज आईला आणखी काय दाखवू?

प्रतिसाद १
अर्धघुमटापुढच्या कमानीवरचा लाझारस, बायबलमधल्या गोष्टीतला गरीब भिकारी. तो श्रीमंताच्या दाराशी पडलाय, आणि कुत्रा त्याच्या जखमा चाटतोय. ख्रिस्ताकडे बघता बघता लोक त्याला विसरून पुढे जातात.