तीव्र वळणावर ब्रेक दाबूनही गाडी रस्त्याबाहेर का जाते?

वाटसरू: ग्रामीण रस्त्यांवर लांब सरळ पट्टा संपताच एखादे तीव्र वळण येते आणि तिथेच गाड्या बाजूच्या चारीत जाऊन उलटतात. अनेकदा टायरच्या खुणा पाहिल्यावर चालकाने जोरात ब्रेक दाबला होता, हे स्पष्ट दिसते. मग गाडी वळणात का राहत नाही?

यंत्रवेडा: वळणात गाडीला आत खेचणारे बल मुख्यतः टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते आणि त्याची गरज वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की बल चौपट लागते. ५० मीटर त्रिज्येचे सपाट वळण ताशी ४० किलोमीटरने घेताना गाडीच्या वजनाच्या सुमारे पाव पट बल लागते. ताशी ८० किलोमीटरला ते जवळजवळ वजनाइतके होते आणि एवढी पकड कोरड्या डांबरावरही क्वचितच मिळते, ओल्या रस्त्यावर तर नाहीच. त्यात ब्रेक आणि वळणे हे दोघे त्याच पकडीचे वाटेकरी असतात. चाके जाम झाली की स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी सरळच घसरत जाते. एबीएस या ब्रेक-यंत्रणेमुळे चाके जाम होत नाहीत, पण पकड वाढत नाही. म्हणून वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावरच कमी केला पाहिजे.

डांबरी: हे पटते, पण सगळा दोष चालकाच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. असे कितीतरी रस्ते जुन्या गाडीवाटांवर आणि शेतांच्या बांधांवरून आखले गेले; पुढे डांबर पडले, वेग वाढला, वळणे मात्र तशीच राहिली. बाहेरची कड उंच ठेवून वळणाला जो उतार द्यावा लागतो, तोही पुष्कळ ठिकाणी नसतो. आतल्या बाजूला झुडपे किंवा उभे पीक असले की समोरचे काहीच दिसत नाही. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. धोका ओळखून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद गेले, तर तेवढ्यात ४० मीटर संपलेले असतात. एकाच गाडीपुरत्या रुंद रस्त्यावर समोरचाही पुढे येत असतो, त्यामुळे दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा.

रातपाळी: रात्री हेडलाइटचा झोत सरळ जातो आणि वळणाऐवजी शेतात पडतो. दुचाकीस्वारांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: चाके आपल्या बाजूला असली, तरी आतल्या बाजूला कललेले डोके आणि खांदे मध्यरेषेपलीकडे जाऊ शकतात. उंच भार लादलेली ट्रॉली तर घसरण्याआधीच उलटू शकते. झुडपे छाटणे आणि बाहेरच्या कडेला चमकणारे बाणफलक लावणे ही फार खर्चाची कामे नाहीत. त्यासाठी गावाने लेखी मागणी करून तिचा पाठपुरावा करावा.