शब्दचर्चा: मानवी तस्करी, मानवी वाहतूक की अपव्यापार?

एनएसएसवाली: ३० जुलैला मानवी तस्करीविरोधी दिन असतोय, कॉलेजात पोस्टर लावायचीत, राजारामपुरीतल्या प्रिंटिंगवाल्याला उद्या फाईल द्यायचीय आणि आम्ही अजून पहिल्याच ओळीवर अडकलोय. पेपरात तस्करी, पोलिसांच्यात 'अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष', कायद्यात अपव्यापार. तिन्ही एकच का?

करवीरकर: रोख एकच. अपव्यापार हा राज्यघटनेतला शब्द, कलम २३, माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगारी दोन्हीला मनाई. शब्द नेमका आहे पण जिच्यासाठी पोस्टर आहे तिला तो समजायला पाहिजे ना. वाहतूक मात्र मला अजिबात पटत नाही. वाहतूक म्हटलं की ह्या गावातनं त्या गावाला नेलं एवढंच डोक्यात येतं आणि भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ (आधी भारतीय दंड संहितेचं ३७०) वाचलं तर शोषणासाठी धमकावून, फसवून, आमिष दाखवून माणसाला कामावर घेणं, ठेवून घेणं, दुसऱ्याच्या ताब्यात देणं हे सगळं त्यात बसतं, म्हणजे गाव बदललं नाही तरी गुन्हा होतोच. आणि 'ती आपल्या मर्जीनं गेली' हे तर चालतच नाही, संमतीला तिथं किंमत नाही असं कायद्यातच लिहिलंय. लोक पहिलं तेच बोलतात म्हणून सांगतोय.

शिरोळकडचा: आमच्याकडं ऊसतोडीला टोळी येती, मुकादम उचल देतो, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे. सगळे मुकादम वाईट नसतात हे आधी सांगतो. पण उचल फिटत नाही तोवर बायकापोरांसकट कुणाला हलू द्यायचं नाही, मारायचं, असं जिथं चालतं तिथं तो माणूस 'माझी तस्करी झाली' असं कधीच म्हणणार नाही, 'अंगावर उचल हाय' म्हणतो. १९७६ च्या कायद्यानं हीच वेठबिगारी. पोस्टरवर हा शब्द पण पाहिजे.

एनएसएसवाली: बरोबर आहे, घेते. आणि सर्व्हायव्हरला काय म्हणू? बळी तर नकोच.

समुपदेशक ताई: बळी म्हणजे संपलेलं माणूस, ते काढच. पीडित हा पोलीस-कोर्टाच्या कागदातला शब्द, तिथं तो लागतो, वर्गात नको. 'सुटका केलेली' म्हटलं की सगळं श्रेय सोडवणाऱ्याला जातं, त्यापेक्षा 'सुटून आलेली' बरं. पण खरं सांगू का, वर्गात तिला तिच्या नावानंच हाक मारा. एका कॉलेजात अशा मुलीला कार्यक्रमात स्टेजवर बोलवून अनुभव सांगायला लावला, मोबाईलवर शूटिंग सुद्धा झालं, त्यानंतर ती लेक्चरला यायचीच बंद झाली. तिला हजेरीत सवलत, फीला मुदत, हॉस्टेलला जागा आणि कोर्टाच्या तारखेला बरोबर कुणीतरी लागतं, तिची गोष्ट कुणाला लागत नाही.

एनएसएसवाली: मग असं करते: 'काम देतो, लग्न लावून देतो, परदेशात कॉम्प्युटरची नोकरी लावतो म्हणून नेलं, आणि आता कागदपत्रं, फोन काढून घेतलाय, उचल फिटल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत? ही मानवी तस्करी आहे. चूक तुझी नाही.' तस्करी ठेवते कारण निदान ओळखीचा शब्द आहे. खाली ११२, बायकांसाठी १८१, अठराच्या आतल्यांसाठी १०९८.

समुपदेशक ताई: छान झालंय. नंबर मोठे टाक, आणि काही प्रती लेडीज हॉस्टेलच्या बाथरूमच्या दारांना आतल्या बाजूनं लाव, तिथं वाचताना कुणी बघत नाही.