मदत हवी आहे : नवरा कोइमतूरला, बायको विट्याजवळ. पॉलिसीचं बोलायचं कुणाशी, फोनवर की घरी जाऊन?

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी विट्याची, सांगली जिल्हा. मागच्या वर्षी आयसी ३८ ची परीक्षा पास होऊन आयुर्विम्याची एजन्सी घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढे थोडं रडगाणं आहे. मिस्टरांचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, मुलगा पाचवीत, सकाळी त्याचा डबा झाला की माझा दिवस सुरू.

आमच्याकडचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खानापूर-आटपाडी म्हणजे जुना दुष्काळी पट्टा, आता टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलंय तशी द्राक्षं-डाळिंबं दिसतात, पण त्याआधी पिढ्यानपिढ्या इथली पोरं सोनं-चांदी गाळायला बाहेर गेली, केरळ तमिळनाडूपासून पार यूपी पंजाबपर्यंत. गलाईवाले. गावात बंगला, बंगल्यात म्हातारा-म्हातारी, सून आणि पोरं, आणि कमावणारा माणूस दीड हजार किलोमीटरवर भट्टीपुढे. विमा ज्याचा उतरवायचा तो फोनवर आणि ज्यांच्यासाठी उतरवायचा ते सगळे सोप्यात बसलेले. माझं सगळं घोडं इथंच अडलंय.

आमचे साहेब म्हणतात घरोघरी फिरून पेट्रोल जाळू नकोस, दिवसाला तीस फोन कर, त्यातले दोन लागतीलच. यादी त्यांनीच दिली, कुठनं आणली विचारलं तर हसले. केले मी दोन महिने. निम्मे उचलत नाहीत, उचलला तर मागं मशीनचा आवाज, "ताई कामात आहे", मग आठवडाभराने माझा नंबर लोकांच्या स्क्रीनवर लाल होऊन स्पॅम दिसायला लागला. सख्ख्या मावसभावाने स्क्रीनशॉट पाठवला, वर हसण्याच्या चार इमोजी.

तरी फोनवर सात पॉलिसी झाल्या, खोटं कशाला बोलू. पण त्यातल्या तीन परत गेल्या! पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत रद्द करता येते ना, फ्री लूक म्हणतात ते, आधी १५ दिवस होते, २०२४ पासून ३० झाले. तिन्ही ठिकाणी तेच, पोराने फोनवर हो म्हणून पैसे भरले आणि गावात पॉलिसीचं पाकीट आल्यावर वडील म्हणाले कुणाला विचारून घेतलं? एकाचे वडील तर मला बाजारात भेटून म्हणाले, "पोरगी आमच्याच गावची, आन दारात यायला काय झालं हुतं?" काय बोलणार. कमिशन परत गेलं ते गेलंच, पण ते वाक्य जास्त लागलं.

मग ठरवलं घरी जायचं. तर तिथं वेगळीच तऱ्हा. चहा होतो, मुलांची चौकशी होते, वहिनी सगळं नीट ऐकतात, शेवटी "ह्यांना विचारून सांगते". आणि खूप घरात असं की बँकेतून वर्षाला ४३६ कापले जातात म्हणजे विमा झाला की, आता आणि कशाला. ती पंतप्रधान जीवनज्योतीची २ लाखाची योजना आहे, चांगली आहे, पण कमावता गेला तर २ लाखात त्या बंगल्याचे हप्ते तरी फिटतील का. हे मी वहिनींसमोर कसं बोलू? नवऱ्याच्या मरणाचं बोलणं, ते पण तो घरात नसताना. एकदा बोलले तर सासूने उठून देवाजवळ दिवा लावला. तेव्हापासून जीभच उचलत नाही.

तर प्रश्न असा की फोन सोडून फक्त भेटीच कराव्यात का? लेंगरे, भाळवणी, पारे अशी गावं स्कुटीवर करते, दिवसात चार घरंसुद्धा होत नाहीत. की फोनच नीट शिकावा? कुणी या भागात किंवा माण-खटाव साईडला काम केलं असेल तर प्लीज सांगा. "मेहनत करा यश मिळेल" असले रिप्लाय नकोत, ते साहेबांकडून फुकट मिळतात.

कडेगावकर : ताई, अठरा वर्षं झाली मला यात. फोनवर मी पॉलिसीचा प पण काढत नाही. फोन फक्त वेळ ठरवायला, "आप्पा, संध्याकाळी हाय का घरात". आणि द्राक्षवाल्याकडं ऑक्टोबरच्या छाटणीत जाऊ नका, कुत्रं विचारत नाही. माल निघून पैसे हातात आले की मार्च-एप्रिलला जा आणि वार्षिक हप्ता त्याच महिन्यात पडेल असं बघा. ऊसवाल्याचं बिलाच्या तारखेवर. बाकी तुमचे साहेब पेट्रोल तुमचं जाळू नका म्हणतात, पण लाल नंबर तुमचाच होतोय, त्यांचा नाही, हे लक्षात ठेवा.

भट्टीवरून : मी मदुराईला असतो, गाव खानापूर तालुक्यातच. गिऱ्हाईक म्हणून सांगतो. दुपारी फोन केला तर मी समोर माझा बाप असला तरी नीट बोलणार नाही, तेजाबाचं काम असतं, हात रिकामा नसतो. रात्री साडेनऊनंतर किंवा रविवारी. दुसरं म्हणजे आम्हाला रोज हिंदीतून फोन येतात, तुमची जुनी पॉलिसी बंद पडलीय, बोनस अडकलाय, एवढे भरा की सुटेल. आमच्या शेजारच्या दुकानदाराचे असेच पैसे गेले. त्यामुळे विमा शब्द आला की बोट आपोआप लाल बटणावर जातं. तुम्ही मराठीत बोलला तरी पहिल्या दहा सेकंदात कुणाच्या घरातली ते सांगा, कंपनीचं नाव नंतर.

आणि एक गोष्ट जी कुणी बोलणार नाही. तुम्ही घरी वडिलांसमोर मला विचारलं तंबाखू खाता का, दारू घेता का, तर मी नाहीच म्हणणार. फोनवर एकटा असताना खरं सांगीन. फॉर्ममध्ये हे प्रश्न असतात ना?

विटेकरीण (धागाकर्ती) : @भट्टीवरून दादा, असतात हो! आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण उलटं पण झालंय, एकाने फोनवर सांगितलं सुपारीचं पण व्यसन नाही आणि घरी गेले तर वहिनी हसल्या, म्हणे पुडी खिशात नसली तर ह्यांना झोप येत नाही.

फाईलवाली : मी विमा कंपनीच्या ऑफिसात काम केलंय, म्हणून कंटाळवाणं पण गरजेचं सांगते. ते तीस फोन आधी बंद करा. साध्या दहा आकडी नंबरवरून अनोळखी लोकांना विक्रीचे फोन करणं ट्रायच्या (टेलिफोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमात बसत नाही, जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ची सिरीज आहे, आणि बँका-विमा कंपन्यांच्या सर्व्हिस कॉलला १६००. २०२५ च्या बदलानंतर दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या तरी नंबरवर कारवाई होऊ शकते. माणूस स्वतःहून "फोन करा" म्हणाला असेल तर गोष्ट वेगळी, तेही व्हॉट्सॲपवर त्याच्याकडून लिहून आलेलं असू दे.

व्यसन आणि कामाचं स्वरूप खरंच लिहा. "व्यवसाय : दुकान" असं मोघम लिहून मोकळे होतात लोक. गलाई म्हणजे धूर, ॲसिड, आग, कंपनी विचारणार. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही, पण त्या तीन वर्षांच्या आत काही झालं आणि माहिती लपवलेली निघाली तर त्या वहिनी तुमच्याच दारात येतील. टर्म (माणूस गेला तरच पैसे मिळतात तो विमा) घ्यायचा असेल तर उत्पन्नाचा पुरावा लागतो, आयटी रिटर्न भरतात का ते पहिल्याच फोनला विचारा, नाहीतर सगळं जुळवून शेवटी तिथं अडकतं. मेडिकलसाठी त्याला गावी बोलवायची गरज नसते, कंपनीचं सेंटर त्याच्या शहरात असतं, ब्रँचला विचारा.

कडेगावकर : आणि ताई, घरी गेल्यावर "पहिल्या हप्त्यातलं तुमचं कमिशन आम्हाला किती देणार" हे येणारच. फोनवर कुणी विचारत नाही, सोप्यात चार माणसांत हमखास विचारतात. एकदा दिलं की अख्ख्या गावाला द्यावं लागतं.

फाईलवाली : +१. कायद्यानेच बंदी आहे, विमा कायद्याचं कलम ४१, दंड १० लाखापर्यंत. सरळ तेच सांगायचं, वाईटपणा कायद्यावर.

विटेकरीण (धागाकर्ती) : सगळ्यांचे आभार. चार दिवस लिहिलं नाही कारण एक करून बघत होते. भाळवणीच्या एका घरी गेले, आधी आप्पांना फोन करून. विम्याचं मी काढलंच नाही, वहिनींना म्हटलं भाऊजींना व्हिडिओ कॉल लावा, रात्रीचे पावणेदहा झालेले. त्यांच्याच फोनवरून. उचलला लगेच, बायकोचा नंबर कोण कट करतंय! मी फक्त एवढंच विचारलं, भाऊजी बँकेतून ४३६ कापतात ते कशाचे आहेत हे घरात कुणाला माहितीये का. आप्पांना माहीत नव्हतं. वहिनींना नव्हतं. मग ते स्वतःच बोलायला लागले, नॉमिनी कोण, घरावर कर्ज किती, मी गप्प. मरणाचं मला काढावं लागलं नाही, त्यांनीच काढलं, सासूबाई दिवा लावायला उठल्या नाहीत. आप्पांनी मध्येच विचारलं जीएसटी किती, म्हटलं सप्टेंबर २०२५ पासून शून्य, तर चेहरा खुलला.

नंतर दुसऱ्या दिवशी त्यांना एकट्यांना फोन केला आणि तंबाखूचं विचारलं. खरं सांगितलं. म्हणाले आप्पांना कळू देऊ नका. आता घोळ असा की फॉर्मची कॉपी पॉलिसीसोबत घरीच येते ना? तंबाखूवाला म्हणून हप्ता पण जास्त लागणार, तर आप्पा विचारणारच का जास्त. पत्रव्यवहाराचा पत्ता कोइमतूरचा टाकला तर चालतं का? आणि चाललं तरी टाकावा का, कारण पाकीट घरी न आल्यामुळेच परत नवा गोंधळ व्हायचा.

कडेगावकर : पत्ता चालतो. पण टाकू नका. भाऊजींना म्हणावं पाकीट यायच्या आधी तुम्हीच सांगा, आप्पांची स्वतःची तंबाखूची चंची बघितलीय मी.