पिंक फ्लॉइडची कॅसेट सापडली, तुमच्याही आठवणी लिहा

परवा माळा आवरताना दादाचा बुटांचा खोका सापडला. सगळ्यात खाली टीडीके कंपनीची ९० मिनिटांची कॅसेट, वर त्याच्या तिरक्या अक्षरात 'डार्क साइड ऑफ द मून', पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा अल्बम. अल्बम जेमतेम ४३ मिनिटांचा, एका बाजूला अख्खा मावायचा, मधे उठून उलटवायला नको. दादा दिवे घालवून लावायचा. सुरुवातीला नुसते हृदयाचे ठोके, मी पहिल्यांदा घाबरून आईकडे पळाले होते. आता दादा नाही, टेपरेकॉर्डरही नाही, तरी खोका मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसले. तुम्ही कुठला अल्बम कोणाबरोबर ऐकलात? लिहा ना.

*

त्याच अल्बममधलं 'मनी'!!! आमचे बाबा तबला वाजवायचे, रॉक म्हणजे धांगडधिंगा हे पक्कं. एकदा ती नाण्यांची खळखळ सुरू झाली आणि बाबा भाजीची पिशवी घेऊन दारातच थांबले, बोटं पिशवीवर, ती ती ना धी ना धी ना, म्हणाले अरे हे तर सात मात्रांत आहे, रूपक ताल! गिटारचा सोलो चार मात्रांत जातो ना, तिथे म्हणाले "सोडला रूपक". दुसऱ्या दिवशी स्वतःहून, ते पैशावालं लाव रे

*

ताई कॅसेट लगेच लावू नका हं. आधी उजेडात धरून बघा, टेपच्या कडेला पांढरं दिसलं तर बुरशी, मग टेप चिकटून तुटते

*

+१ आणि आधी पेन्सिल घालून एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा

*

'डार्क साइड'मधेच 'द ग्रेट गिग इन द स्काय' आहे, क्लेअर टोरी नुसत्या आवाजावर गायलीये, शब्द एक नाही. तेव्हा ३० पौंड मिळाले तिला. २००४ मधे कोर्टात गेली, २००५ ला तडजोड, मग बँडच्या रिचर्ड राइटबरोबर गाण्याची रचनाकार म्हणून तिचंही नाव लागायला लागलं. ३० वर्षं!! आजी गेली त्या रात्री मी हेच ऐकत होते, दुसरं काही ऐकवेना. कुकर झाला, येते

*

माझा पिंक फ्लॉइडचाच 'विश यू वर हिअर'. सिड बॅरेट म्हणजे ज्याने बँडला नाव दिलं, सुरुवातीची गाणी लिहिली, तो १९६८ ला तब्येतीपायी बाहेर पडला. १९७५ च्या जूनमधे लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ह्या अल्बमचं रेकॉर्डिंग चालू असताना एक जाडसर माणूस येऊन उभा, डोकं भादरलेलं, भुवयासुद्धा नाहीत. बराच वेळ कोणी ओळखलंच नाही, तो सिड होता. आणि ह्या अल्बममधलं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' त्याच्यावरच लिहिलेलं. माझा मामा दवाखान्यातून दोन वर्षांनी घरी आला तेव्हा दार मी उघडलं आणि विचारलं, कोण पाहिजे? मामा म्हणाला, अगं मीच.

*

😔 मामा आता कसे आहेत?

*

बरे आहेत, कुंड्यांना पाणी घालतायत

*

थोडं विषयांतर, क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला बोर्डिंगात शिकला माहितीये का? शाळेतल्या मुलांचा 'द हेक्टिक्स' म्हणून बँड होता, हा पियानोवर. दरवर्षी आम्ही तिथे स्ट्रॉबेरी खाऊन येतो आणि मला हे गेल्या वर्षी कळलं

*

स्ट्रॉबेरी फेब्रुवारीत घ्या, गोड असते

*

उजेडात बघितलं, पांढरं काही नाही. शेजारच्या काकांकडे टेपरेकॉर्डर आहे, पट्टा सैल झालाय म्हणाले पण चालतो. संध्याकाळी आईला घेऊन जाते.