सॅंड स्कूपला दांडा कोणता घ्यावा आणि कसा बसवावा? (सॉकेट ३५ मिमी)

किनारा_दक्षिण

मेटल डिटेक्टिंगसाठी (यंत्राने वाळूतला धातू शोधायला) स्टेनलेसचा स्कूप, म्हणजे वाळू उपसून चाळायचं फावडं, घेतला आहे, फक्त डोकं, दांडा नाही. माहिती अशी: ३०४ ग्रेड, पत्रा २ मिमी, वजन १.७ किलो. सॉकेटचा (दांडा बसतो त्या नळीचा) आतला व्यास ३५ मिमी, खोली १५० मिमी. सॉकेटच्या तोंडापासून २० मिमीवर आरपार एक भोक आहे, पुढून मागे जाणारं, ८.५ मिमीचं. वापर गोव्यात कोलवा-बाणावली पट्ट्यात, ओल्या वाळूत आणि कमरेएवढ्या पाण्यात. माझी उंची ५ फूट ७ इंच.

सुतार सागवान सुचवतो, रेलिंगवाला स्टीलचा पाइप, आणि बाजारात ॲल्युमिनियमही आहे. काय घ्यावं? आणि किती लांब?

वास्को_फिटर

दांडा कशाचा आहे याला लोक फार महत्त्व देतात. तो मोडतो मात्र नेहमी एकाच जागी, सॉकेटच्या तोंडाशी. तीन लिटर ओली वाळू म्हणजे जवळपास सहा किलो, त्यात स्कूपचं वजन, शिवाय खालच्या वाळूची ओढ. हे सगळं दांडा मागे दाबताना त्या एका रेषेवर येतं. म्हणून आधी तिथला जोड नीट करा.

तुमचं तयार भोक नको तिथे आहे. एक तर तोंडाच्या अगदी जवळ, जिथे वाक सर्वांत जास्त. दुसरं म्हणजे पुढून मागे. खणताना दांडा पुढे-मागेच वाकतो, म्हणजे ताण आणि दाब नेमका त्या भोकाच्या कडांवर. ते रिकामं सोडा. नवी दोन भोकं डावीकडून उजवीकडे पाडा, तोंडापासून ६० आणि १२० मिमीवर. बाजूच्या भिंतीवर वाकण्याचा ताण जवळजवळ शून्य असतो, तिथे भोकाने दांडा फारसा अशक्त होत नाही.

बोल्ट एम६ (६ मिमी जाडीचा) पुरतो, स्टेनलेस ए४ (म्हणजे ३१६ ग्रेड), नायलॉक नटासह (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा). एम८ घेऊन दांड्याला मोठं भोक पाडण्यात फायदा नाही. ओझं घट्ट बसलेला दांडा उचलतो, बोल्ट फक्त तो निसटू आणि फिरू देत नाही. स्टेनलेसवर स्टेनलेस आवळताना आटे एकमेकांत रुततात आणि नट जाम होतो, म्हणून थोडं अँटी-सीझ ग्रीस लावा आणि पाना हळू फिरवा. त्या वेळी इम्पॅक्ट गन बाजूलाच ठेवलेली बरी.

आता पाइप. बाजारात बाहेरचा व्यास २५.४, ३१.८ आणि ३८.१ मिमी मिळतो. तुमच्या ३५ मध्ये ३१.८ जाईल, पण एकूण ३.२ मिमी ढिला. हा ढिलेपणा बोल्ट आवळून घालवू नका. पोकळ पाइप बोल्टखाली चेपतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा खडखड. दोन गोष्टी करा. पाइपाच्या आत भरीव नायलॉनचा रॉड बसवा, तळापासून वरच्या बोल्टच्या ५० मिमी वरपर्यंत, इपॉक्सीत (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन). आणि बाहेरून फायबर टेप इपॉक्सीत भिजवून गुंडाळा, व्यास ३४.८ होईपर्यंत, मग पॉलिश पेपरने घासून मापात आणा. होड्यांच्या फायबर कामाचं रेझिन आणि मॅट इथे सहज मिळतं. कुठलंच सामान महाग नाही, फक्त रेझिन सुकायला एक रात्र द्या.

ॲल्युमिनियमसाठी हे गुंडाळणं हौस नाही, गरज आहे. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पांढरी भुकटी फुगते आणि दांडा सॉकेटमध्ये असा धरतो की हातोड्यानेही सुटत नाही. बोल्टच्या भोकातही नायलॉनचं बुश (छोटी नळी) घाला, नाहीतर सगळी मेहनत तिथून वाया.

ग्रेड ६०६१-टी६ मिळाला तर उत्तम, नाहीतर ६०६३-टी६. भिंत २ मिमी. पडद्याच्या रॉडचा १ मिमीचा पाइप पहिल्याच कठीण थरात वाकेल.

माणगा_बांबू

वरचं बरोबर आहे. फक्त पाण्यात वापर आहे म्हणून एक भर: दांडा तरंगला पाहिजे. गढूळ पाण्यात स्कूप हातातून सुटला तर डोकं तळाशी आणि दांडा वर उभा राहतो, लगेच सापडतो. ३१.८ मिमीचा २ मिमी भिंतीचा ॲल्युमिनियम पाइप मीटरला साधारण अर्धा किलो, दोन्ही टोकं बंद असली तर तरंगतो. आत पाणी शिरलं की नाही. स्टेनलेसचा १.५ मिमी भिंतीचा पाइप मीटरला १.१ किलोच्या आसपास, तो कितीही बंद करा, बुडणारच. शिवाय डोकं १.७ किलो आणि वर किलोभराहून जड दांडा, दोन तासांत खांदा सांगेल.

रेलिंगच्या दुकानातला पाइप घेताना ग्रेड विचारा. पुष्कळदा २०२ असतो, तो समुद्रावर एका मोसमात तांबूस होतो. लोहचुंबक लावून कळत नाही, कारण २०२, ३०४, ३१६ तिन्हींना तो चिकटत नाही.

लाकूड घेणार असाल तर सागवान चालेल, बाभूळ जास्त चिवट पण जड. बघायचं ते रेषा. तुकडा हातात धरा, रेषा तळापासून वरपर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच बाजूने बाहेर पडत असतील तर दांडा तिथेच उकलणार. खालच्या ४० सेंटिमीटरमध्ये गाठ नको. आणि सर्वांत सामान्य चूक: ४० मिमीचा दांडा घेऊन सॉकेटपुरता ३५ चा करतात, तिथे काटकोनी पायरी राहते. त्या पायरीवरच तुकडा पडतो. सॉकेटमध्ये पूर्ण १५० मिमी ३५ चाच ठेवा आणि वर हळूहळू ३२ पर्यंत उतरवा, पायरी कुठेच नको.

स्वस्तात मस्त म्हणजे माणगा बांबू, कोकणात आणि इथेही होतो. त्याचा बुडखा जवळजवळ भरीव असतो. तीन वर्षांहून जुना, सावलीत दोन-तीन महिने वाळलेला घ्या. सॉकेटच्या तोंडाशी पेराची गाठ येईल असा कापा. वरची हिरवी-पिवळी साल तासू नका, ताकद तिथेच असते. म्हणून तासून मापात आणण्यापेक्षा ३३-३४ मिमीचा निवडा आणि वर सांगितलेली टेप गुंडाळा.

लांबीचं: बूट घालून उभे राहा, स्कूपच्या डोक्यासकट दांड्याचं वरचं टोक तुमच्या कोपराच्या उंचीला यावं. तुमच्या उंचीला एकूण साधारण १०५ ते ११० सेंमी. कमरेएवढ्या पाण्यासाठी १० सेंमी जास्त. आधी लांब ठेवा, दोन दिवस वापरून मग कापा. धरायला बॅटचं रबर ग्रिप उत्तम, ओल्या हातात सुटत नाही. एक टोकाला, दुसरं डोक्यापासून ४० सेंमीवर, कारण उचलताना खालचा हातच खरं काम करतो.

मिरामार_बीप

कार्बन फायबरचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहितो. हलका आहे, पण भोक पाडताना धूळ फुप्फुसाला वाईट, मास्क हवाच. त्याला ॲल्युमिनियमचे भाग लावू नका, वर सांगितलेला गंज तिथे आणखी वेगाने होतो. किमतीच्या मानाने मला पटत नाही.

दांडा तुटू नये यासाठी वापरही सुधारा. स्कूपच्या टाचेवर (मागच्या कडेवर) पायाने दाबून तो आत घाला, दांडा तरफेसारखा जोरात मागे खेचू नका. आधी थोडं डुलवून पाणी आत जाऊ द्या, ओढ सुटली की उचला. खड्डे बुजवा. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे नोव्हेंबरपासून कासवांची घरटी असतात, तिथल्या कुंपणाजवळ जाऊच नका. आणि १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे १० रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

किनारा_दक्षिण

आभारी आहे. सागवान ठरवलं. लाकूड पाण्याने फुगून सॉकेटमध्ये अडकणार नाही ना? आणि २ मिमी स्टेनलेसला भोक घरच्या ड्रिलने पडेल का? साधं बिट लाल होऊन जातं.

वास्को_फिटर

फुगेल, म्हणून खालचं टोक, म्हणजे रेषांची उघडी तोंडं, इपॉक्सीने दोन थर बंद करा. बोल्टच्या भोकातही इपॉक्सी भरून सुकल्यावर पुन्हा ६.५ चं भोक पाडा. बाकी दांड्याला उकळलेलं जवसाचं तेल, तीन-चार हात, प्रत्येक हातानंतर एक दिवस सुकू द्या. तेलाचं फडकं गोळा करून फेकू नका, आपोआप पेटतं. पाण्यात भिजवून उघड्यावर पसरा. सॉकेटचा तळ बंद असेल तर तिथे ५ मिमीचं भोक ठेवा, पाणी निथळायला.

बिट लाल होतं कारण वेग जास्त आणि दाब कमी. स्टेनलेस घासलं गेलं की कडक होतं, मग काहीच कापत नाही. कोबाल्टचं बिट घ्या, आधी पंचने खूण करा, ३ मिमीचं भोक, मग ६.५. मोठ्या बिटाला मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास, सतत जोर आणि कटिंग ऑइल. ते नसेल तर खोबरेल तेलावरही निभतं. चुरा सलग वळणाने निघतोय तोवर थांबू नका. आधी फक्त सॉकेटला भोक पाडा, मग दांडा आत ठोकून तेच भोक लाकडात पुढे न्या, म्हणजे समोरासमोर जुळेल. आतल्या कडेची धार गोल कानशीने काढायला विसरू नका, तीच धार लाकडाला चीर पाडते.